कट्ट आवाजाचा खटला

१. रिकामी खुंटी

शनिवारी सकाळी गाडीची किल्ली खुंटीवर नव्हती.

त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण या घरात आप्पांची चप्पल एक वेळ सापडायची नाही, चष्मा तर रोजचाच पळपुटा, किल्ली मात्र गाडी घेतल्या दिवसापासून दाराशेजारच्या त्याच खुंटीवर. आप्पा सदऱ्याची बटणं लावत बाहेर आले, हात सवयीने खुंटीकडे गेला आणि रिकामाच परत आला.

"किल्ली कुणी घेतली?"

स्वयंपाकघरात कुकरची सैल मूठ तेवढी खडखडली.

"मी," सासूबाई म्हणाल्या. शिवणयंत्रावरची मान त्यांनी वर केली नाही. "यंत्राच्या खणात आहे. आणि खणाला कुलूप आहे."

चहाचा कप हातात धरून सूनबाई हे बघत उभी होती. ती या घरची एकुलती एक सून, पेशाने फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे गुडघे, खांदे, माना हलवून कुठे काय अडकलंय ते शोधायचं हा तिचा धंदा, आणि झोपताना रहस्यकथा वाचायच्या हा नाद. शेवटचं पान आधी वाचणाऱ्या माणसांशी ती बोलत नसे. तिचा नवरा नेमका त्यातलाच निघाला, तोही ग्रंथपाल असून! पण हे लग्नानंतर कळलं, तेव्हा इलाज नव्हता.

"अगं, पण का?" आप्पांनी विचारलं.

"का म्हणजे? बुधवारी फाटकातून वळताना गाडी फुटपाथला घासलीत. तेव्हापासून स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की कट्ट, उजवीकडे फिरवलं की कट्ट! आज फुटपाथला घासली, उद्या माणसाला घासाल. तुमचं वय झालं आता, कबूल करा."

"मी वेळेवर वळवलं होतं. चाकच उशिरा वळलं!"

"नाचता येईना, अंगण वाकडं!" सासूबाई उठल्या आणि जाताजाता भिंतीवरची तसबीर बोटभर सरळ करून गेल्या. त्या ती तसबीर दिवसातून दहादा सरळ करत. सतरंजी, दाराचा पडदा, नवऱ्याची कॉलर, त्यांच्या नजरेला वाकडं खपत नसे.

सूनबाईच्या नवऱ्याने वर्तमानपत्राआडून हळूच पुस्ती जोडली. "आप्पा, उद्या दुपारी एक जण गाडी बघायला येतोय. बघून तर जाऊ दे."

एरवी चार वाक्यांत आठ उत्तरं देणारा माणूस, गुपचूप ओसरीवर जाऊन बसला. सूनबाईला ते बघवेना. ही गाडी म्हणजे आप्पांचे पाय होते. गुडघ्याने दगा दिल्यापासून मित्राकडे जायचं तर गाडी, वाचनालयात जायचं तर गाडी, आणि दर रविवारी सासूबाईंना शेजारी बसवून, डिकीत दोन घडीच्या खुर्च्या टाकून तळ्यावर जायचं, तेही हिच्यातूनच.

ती कप घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"सूनबाई, कुणाला बोलू नकोस," आप्पा स्वतःच्या तळहातांकडे बघत म्हणाले. "तिचं बरोबर असेल गं. बुधवारपासून स्टिअरिंग धरलं की हातच सैल वाटतात. पकडच राहिली नाही. मला भीती वाटते."

हात सैल पडणं म्हणजे काय काय असू शकतं, हे सूनबाईला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तिने कप खाली ठेवला आणि आपली दोन बोटं त्यांच्या मुठीत दिली.

"दाबा. जोर लावून."

आप्पांनी दाबली.

"आई गं! सोडा, सोडा!" ती कळवळली. मग दुसरा हात. तोही पहिल्यासारखाच दणकट. तिने त्यांना डोळे मिटायला लावले, बोटं एकेक जुळवायला लावली, मनगटं फिरवून बघितली. आणि बोटं चोळत म्हणाली, "आप्पा, या हातांत सैल काही नाही. मग सैल आहे तरी काय?"

२. सांधा बोलतो

किल्ली मिळवायला थोडी विनवणी करावी लागली.

"इंजिन चालू करणार नाही, आई. गाडी जागची हलणार नाही. नुसती तपासते."

"तपास. पण जेवणाआधी किल्ली परत माझ्या हातात हवी." सासूबाईंनी खण उघडून किल्ली दिली.

आप्पा चालकाच्या जागी बसले. सूनबाईने जुनी चटई पुढच्या डाव्या चाकाशी अंथरली आणि आडवी झाली. गाडीचं शास्त्र तिला येत नव्हतं, पण सांध्याचं येत होतं. माणसाच्या खांद्यातून आवाज आला तर आपण काय करतो? सांध्यावर हात ठेवतो आणि दुसऱ्याला हळूच हात हलवायला सांगतो. ज्या सांध्यात खोट असते तो तळहाताला टिचकी मारतो. गाडीलाही सांधेच असतात की! स्टिअरिंगपासून चाकापर्यंत दांडे आणि त्यांना जोडणारे सांधे, एवढंच तर आहे.

"फिरवा आप्पा. थोडंसं डावीकडे, थोडंसं उजवीकडे."

कट्ट. कट्ट.

चाकामागच्या सांध्यावर तिचा तळहात होता. तो सांधा गप्प. चाकाच्या कडेला फुटपाथचा करडा ओरखडा होता, पण ओरखड्याला काही आवाज नसतो. ती उठली आणि पलीकडच्या चाकाशी आडवी झाली. कट्ट. तिथलाही सांधा गप्प. आवाज मात्र चाललेलाच.

"खांदा दुखतोय का हे फिरवताना?" तिने खालूनच विचारलं. आप्पांचा डावा खांदा आखडायचा, महिनाभर ती त्यांच्याकडून व्यायाम करून घेत होती.

"छे! या आठवड्यात खांदा एकदम मोकळा आहे. तुझ्या व्यायामाचा गुण." सूनबाई चटईवर पडल्यापडल्या खूश झाली. "पण हात मात्र नीट बसत नाहीत बघ. हे असे धरले की चुकल्यासारखं वाटतं."

ती उठून खिडकीशी आली. आप्पांचा डावा हात वर होता आणि उजवा खाली, नेहमी असायचा तसा. पण स्टिअरिंगची आडवी दांडी अगदी सरळ होती, त्यामुळे दोन्ही हात दांडीला सोडून भलतीकडेच होते, आणि फिरवताना सरकून दांडीवर येत होते. हे तिने पाहिलं. त्याचा अर्थ मात्र तेव्हा तिच्या लक्षात आला नाही.

"आप्पा, पाय बाजूला घ्या." तिने दारातून आत डोकं घातलं. पायांपाशी, जिथे स्टिअरिंगचा दांडा गाडीच्या तळात शिरतो, तिथे रबराचं आवरण होतं. ते तिने वर सरकवलं आणि आतल्या सांध्यावर तळहात ठेवला.

"फिरवा."

कट्ट! तळहाताला अशी टिचकी बसली की तिने हात मागे घेतला.

"सापडला!" ती ओरडली आणि डोकं स्टिअरिंगला आपटून घेतलं. टॉर्चच्या उजेडात तिने नीट पाहिलं. दांड्याच्या टोकाला बारीक दाते होते, ते खालच्या जोडात बसवलेले, आणि जोड आवळून धरायला एक बोल्ट. तिने तो दोन बोटांत धरला. तो नुसत्या बोटांनी फिरला!

आणखी दोन गोष्टी तिला दिसल्या. आजूबाजूला वर्षानुवर्षांची धूळ होती, पण हा बोल्ट पुसून, तेल लावून चकचकीत केलेला होता. आणि दांड्यावर एक बारीक निळी रेघ ओढलेली होती. तिने बोट फिरवलं तर रेघेची भुकटी बोटाला लागली.

"आप्पा," ती मागे सरकून म्हणाली, "फुटपाथला घासून बोल्ट ढिला होईल एक वेळ. चकचकीत होणार नाही. इथे कुणीतरी मुद्दाम हात घातलाय!"

३. दोन साक्षी

पहिला संशय बेकरीवाल्या काकांवर. त्यांची बेकरी शेजारीच होती, आणि मंगळवारी गाडी मागून नेली होती ती त्यांनीच.

"मैद्याची पोती आणायची होती, माझी व्हॅन बंद पडली म्हणून," काका कोपरापर्यंत पिठाने माखलेले हात पसरून म्हणाले. "पोती आणली, गाडी झाडून पुसून परत दिली. तुझी शपथ."

"आवाज येत होता का?"

"मी गाडीत गातो गं. माझ्या गाण्यापुढे इंजिन ऐकू येत नाही, कट्ट कुठला ऐकू येणार?"

"आणि स्टिअरिंगला काही केलंत?"

"मी? अगं, मला दिव्याचं बटण बसवता येत नाही! पाव तेवढा भाजता येतो, तोही एका बाजूने करपतो असं तुझी सासू म्हणते."

सूनबाई हसून वळली. तोच मागून काका म्हणाले, "पण आप्पांनी ते सरळ करून घेतलं हे फार बरं केलं."

"काय सरळ करून घेतलं?"

"स्टिअरिंग गं! मागे नेली होती गाडी, तेव्हा सरळ रस्त्यावरसुद्धा ते उजवीकडे मान टाकून बसायचं. कुठल्या गॅरेजात वाकडं बसवलं होतं कोण जाणे. मंगळवारी बघतो तर सरळ! मला वाटलं, आप्पांनी एकदाचं मनावर घेतलं."

सूनबाई उभ्या जागी थबकली. आप्पांनी काहीच करून घेतलं नव्हतं. आणि मंगळवार म्हणजे फुटपाथला घासायच्या आधीचा दिवस!

ती तडक घरी आली. दुसरा साक्षीदार पलंगावर लोळत पुस्तक वाचत होता. शेवटून.

"मागच्या रविवारी चाक बदललंस ना?"

"बदललं. आणि नट कसे आवळले म्हणशील तर पान्यावर उभा राहून!" नवरा अभिमानाने म्हणाला. त्यात शंका नव्हती. त्याने बंद केलेली बरणी उघडायला घरात माणसं कमी पडत. "नंतर एक चक्करही मारून आलो."

"तेव्हा स्टिअरिंग वाकडं होतं की सरळ?"

"वाकडं. नेहमीसारखं. का गं?" तो उठून बसला. "तुला शेवट माहीत आहे का? असेल तर आत्ताच सांग ना."

"मुळीच सांगणार नाही," सूनबाई म्हणाली. रविवारी वाकडं, मंगळवारी सरळ. मधे उरला फक्त सोमवार, आणि सोमवारी ती दवाखान्यात, नवरा ग्रंथालयात आणि आप्पा दात काढायला रिक्षाने गेलेले, दुपारपर्यंत डॉक्टरकडे.

४. ताटातला चष्मा

किल्ली सासूबाईंना परत करून सगळे जेवायला बसले. सूनबाईचं लक्ष जेवणात नव्हतं.

तिने कुकर उचलला तर मूठ हातात डुगडुगली. "आई, ही परत ढिली झाली."

"परवाच आवळली मी," सासूबाई म्हणाल्या.

आप्पांनी मान खाली घातली आणि चष्म्याची एक काडी निखळून थेट ताटात पडली. नवरा हसता हसता ठसकला. सासूबाईंनी कमरेच्या बटव्यातून शिवणयंत्राचा चिमुकला पेचकस काढला, चष्मा पुसला आणि स्क्रू बसवला. त्यांचा शिवणाचा वर्ग होता. सोमवार सोडून रोज भरायचा. वर्गातली सगळी यंत्रं त्या स्वतः खोलत आणि स्वतः जोडत, कारागिराला उंबऱ्याच्या आत घेत नसत.

"किती हलक्या हाताने फिरवता हो आई," सूनबाई म्हणाली.

"असंच फिरवायचं असतं. चिमटीत धरायचं, टेकलं की थांबायचं. पिळलं की आटे गेलेच! मुलींना पहिल्या दिवशी हेच शिकवते मी. यंत्राचं दुसरं काही नाही आलं तरी चालेल." त्यांनी आप्पांच्या डोळ्यांवर चष्मा चढवला आणि बोटभर सरळ केला. "आणि सूनबाई, तू ती बरणी उघड जरा, माझ्याच्याने उघडत नाही."

बरणी सूनबाईच्याही हातून उघडेना. तिने घट्ट बरणीकडे पाहिलं, मग सैल मुठीच्या कुकरकडे. मग सासूबाईंच्या अंगठ्याकडे. अंगठ्यावर निळी भुकटी होती, कापडावर खुणा करायच्या खडूची.

"अगं बाई!" ती मोठ्याने म्हणाली.

"काय झालं?" तिघांनी एकदम विचारलं.

"काही नाही. चहाच्या वेळी सगळे गाडीपाशी या. बेकरीवाल्या काकांनाही बोलवा. आणि पाना आणून ठेव रे, तुझा तो मोठा."

५. गाडीपाशी भरलेली कचेरी

सगळे जमले. बेकरीवाले काका परातभर गरम बिस्किटं घेऊन आले, कारण रिकाम्या हाताने खटल्याला कसं यायचं? सासूबाई स्टुलावर बसल्या, किल्ली त्यांच्या मुठीत. आप्पा गाडीला टेकून उभे होते, हात पाठीमागे लपवून.

"आवाज कुठून येतो ते मला कळलंय," सूनबाईने सुरुवात केली. "स्टिअरिंगच्या दांड्याचा खालचा सांधा, त्याचा बोल्ट ढिला आहे. फिरवलं की दांडा जोडात हिसका खातो, म्हणून कट्ट. तेवढ्यात स्टिअरिंग फिरतं आणि चाक क्षणभर मागे राहतं. म्हणजे आप्पा, तुम्ही खरं बोलत होतात. चाक उशिराच वळलं. गाडी घासली म्हणून सांधा ढिला झाला नाही. सांधा ढिला झाला म्हणून गाडी घासली!"

आप्पांचे हात पाठीमागून पुढे आले.

"पण बोल्ट ढिला केला कुणी?" सासूबाई स्टुलावरून उठल्या. "नाव सांग मला त्याचं. असा घेते हजेरी की ज्याचं नाव ते!"

"सांगते, बसा आधी. कुणीतरी सोमवारी बोल्ट काढला, स्टिअरिंग एका दात्याने फिरवून सरळ बसवलं आणि बोल्ट परत लावला. खूण म्हणून निळी रेघ ओढली. आता, काकांना दिव्याचं बटण बसवता येत नाही."

"पिढीजात आहे ते," काका बिस्किट चघळत म्हणाले.

"आप्पांचा गुडघा त्यांना तिथे वाकू देणार नाही. आणि माझ्या नवऱ्याने लावला असता तर तो बोल्ट या जन्मी ढिला झाला नसता. हा तर असा हात होता, की बोल्ट टेकल्याबरोबर थांबला. पिळला की आटे जातात म्हणून. सोमवारी-मंगळवारी जेमतेम टिकला, मैद्याची पोती वाहिली आणि बुधवारी सुटला. असा हात, ज्याला वाकडं बघवत नाही, जो बोल्टसुद्धा पुसून तेल घालून लावतो, आणि ज्याच्या अंगठ्याला..."

सगळ्यांचं लक्ष सासूबाईंच्या अंगठ्याकडे गेलं. सासूबाईंनी स्वतःही पाहिलं.

मग नवरा म्हणाला, "म्हणजे फिर्यादीच आरोपी!"

"मी बिघडवलं नाही!" सासूबाईंचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "मी सरळ केलं. तूच म्हणालीस ना सूनबाई, डावा हात वर धरून गाडी चालवतात म्हणून खांदा आखडतो? मी म्हटलं, खांदा किती दिवस ओढत बसायचं, स्टिअरिंगच सरळ करावं. यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, राहू दे. जन्मभर सगळं 'राहू दे'! म्हणून सोमवारी गुपचूप केलं. आमच्या यंत्राच्या चाकासारखंच तर आहे ते. खांदा बरा झाला की सांगणार होते."

"बरा झालाय," आप्पा म्हणाले.

सूनबाईच्या व्यायामाचं श्रेय तिथल्या तिथे गेलं. गेलं तर गेलं. आणि सगळ्याचं मूळ आपल्याच जिभेवर होतं, हे कळून ती ओशाळलीसुद्धा.

आप्पा हसत नव्हते. ते आपले तळहात उलटेसुलटे करून बघत होते. "म्हणजे माझे हात सैल नव्हते," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "स्टिअरिंगच सैल होतं."

"हात सैल?" सासूबाई चमकल्या. "असं वाटत होतं तुम्हाला? आणि मला बोलला नाहीत?"

"तुला काय बोलणार? तू तर किल्लीच काढून घेतलीस."

सासूबाईंनी मान खाली घातली, पदराने डोळे टिपले, आणि मग मुलावरच खेकसल्या, "उभा काय राहिलायस? आवळ तो बोल्ट! एकदा तरी तुझ्या पिळण्याचा उपयोग होऊ दे!"

नवऱ्याने पाना घेतला आणि गाडीत डोकं घातलं. तो बाहेर आला तेव्हा लालबुंद झाला होता. सूनबाईने बोल्ट बोटांनी धरून पाहिला, मग पान्याने. ढिम्म हलेना. सासूबाईंनी किल्ली लावून दिली, आप्पा आत बसले, स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. काकांनी बिस्किट चावायचं थांबवलं. आवाज आला नाही.

सासूबाई खिडकीशी गेल्या. त्यांनी किल्ली काढली, आप्पांचा हात धरला, तळहातावर ती ठेवली आणि त्यांची बोटं एकेक करून मिटली.

"धरा," त्या म्हणाल्या. "नुसती टेकवून नाही. पिळून धरा."

६. वळण

रविवारी सकाळी नवरा आणि आप्पा गाडी हळूहळू कोपऱ्यावरच्या गॅरेजात घेऊन गेले. मेकॅनिकने सगळं तपासलं, ठीक आहे म्हणाला, आणि हा बोल्ट कुणी आवळला म्हणून कौतुकाने विचारलं. नवरा दिवसभर हवेत होता.

दुपारी डिकीत दोन घडीच्या खुर्च्या गेल्या. आप्पा चालकाच्या जागी, सासूबाई शेजारी. फाटकाजवळ सूनबाई श्वास रोखून उभी राहिली. तोच फुटपाथ, तेच वळण. आप्पांनी स्टिअरिंग फिरवलं, गाडी फुटपाथपासून चांगली हातभर लांबून वळली, आणि आवाज आला तो फक्त बेकरीतल्या गाण्याचा.

थोड्या वेळाने गाडी बघायला येणारा माणूस आला. त्याने रिकामं अंगण पाहिलं.

"गाडी द्यायचीय ना?"

"नाही हो," सूनबाई म्हणाली. "तिचा चालक सापडला."

तो माणूस गोंधळून बिस्किटं खाऊन गेला. सूनबाई मात्र बराच वेळ फाटकाशी हसत उभी होती. गाडी वळताना तिने मागच्या काचेतून पाहिलं होतं ते तिला परत परत आठवत होतं. सवयीने आप्पांचा डावा हात हळूहळू वर सरकला होता. आणि शेजारून निळ्या अंगठ्याचा एक हात पुढे आला, आणि त्याने तो हात बोटभर खाली ओढून सरळ केला.